ज्ञानाची पाणपोई

आशिया खंडाच्या मध्यभागी, रशिया आणि चीन ह्या दोन विशाल देशांच्या बेचक्यात मंगोलिया हा देश वसलेला आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. क्षितिजापर्यंत पसरलेली गवताळ कुरणे, त्यांत चरणारे घोडे आणि मेंढ्या, आणि मेंढपाळांचे लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, हे त्या देशाचे जुने रूप. उलानबातर ही त्याची राजधानी. जगातील सर्व राजधान्यांत ती सर्वांत थंड समजली जाते. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा ह्या दूरच्या शहरात 2012 साली बाटुशिग म्यांगनबायर नावाचा एक पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत शिकत होता.

बाटुशिगच्या शाळेचे मुख्याध्यापक एन्खमुंख झुरगानजिन हे तरुण आणि उत्साही गृहस्थ होते. त्यांनी स्वतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या जगद्विख्यात संस्थेत शिक्षण घेतले होते. ह्या लांबलचक नावाऐवजी लोक तिला एमआयटी असे म्हणतात. तेथून पदवी घेऊन बाहेर पडणारे ते पहिले मंगोल विद्यार्थी. आपल्याला जे मिळाले, ते आपल्या देशातील मुलांनाही मिळावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. पण समुद्रापलीकडे मुलांना पाठवावयाचे म्हणजे केवढा खर्च! शिवाय प्रवेश मिळणे तर त्याहून कठीण. अशा वेळी एके दिवशी त्यांना एक वार्ता समजली. एमआयटीने ‘विद्युत्मंडले आणि इलेक्ट्रॉनिकी’ हा आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा विषय इंटरनेटवरून साऱ्या जगाला शिकविण्याचे ठरविले होते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. संगणक उघडावा, नाव नोंदवावे आणि शिकू लागावे.

मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतील तेरा ते सतरा वर्षे वयाची वीस-एक मुले निवडली आणि त्यांना ह्या अभ्यासक्रमाला बसविले.

हा विषय काही सोपा नव्हता. विद्युत्घट, रोध, धारित्र हे घटक तारांनी जोडले, की त्यांतून वीज कशी वाहते, किती वाहते, आणि ती हवी तशी वाहावी म्हणून जोडणी कशी करावी, ह्याचे हे शास्त्र. त्याला उच्च गणित लागते. आणि शिकवावयाची भाषा इंग्रजी. मंगोल मुलांना ती परकी.

शिकविण्याची रीत मात्र नवी होती. वर्गात प्राध्यापक तासभर व्याख्यान देतात. येथे तसे नव्हते. व्याख्यानाचे काही मिनिटांचे लहान लहान तुकडे केलेले होते. एक तुकडा पाहून झाला, की एक प्रश्न समोर येई. उत्तर लिहिले, की ते बरोबर की चूक हे संगणक तत्काळ सांगे. चुकले तर तो तुकडा पुन्हा पाहावा, वाटल्यास दहा वेळा पाहावा. शिकविणारा कंटाळत नाही, की रागावत नाही. प्रयोगशाळासुद्धा पडद्यावरच होती. त्यावर घटक मांडून रेघांनी जोडले, की मंडलातून किती वीज वाहील हे कळे. दर आठवड्याला गृहपाठ असे आणि तो ठरलेल्या मुदतीत पुरा करावा लागे. कोणाला काही अडले, तर त्याने आपला प्रश्न सर्वांपुढे मांडावा. मग दुसऱ्याच कुठल्या खंडातील, कधीही न भेटलेला सहाध्यायी त्याचे उत्तर देई.

ह्या अभ्यासक्रमाचे एक प्रमुख शिक्षक अनंत अगरवाल हे होते. त्यांचा जन्म मंगळुरूचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण चेन्नईच्या आयआयटीत झालेले. पुढे ते अमेरिकेत गेले व एमआयटीत प्राध्यापक झाले. एका भारतीयाने अमेरिकेत बसून मंगोलियातील मुलांना शिकवावे, आणि त्याच वेळी तोच पाठ भारतातील हजारो विद्यार्थ्यांनीही पाहावा, असा तो योग होता.

मार्च 2012 मध्ये सुरू झालेला हा अभ्यासक्रम चौदा आठवडे चालला. शेवटी परीक्षा झाली. जगभरच्या विद्यार्थ्यांपैकी 340 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यांत उलानबातरच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव होते. पुढल्याच वर्षी एमआयटीने त्याला आपल्या संस्थेत प्रवेश दिला.

ही गोष्ट वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हा ती वाचून अनेकांना वाटले, की आता शिक्षणाचे सारे प्रश्न सुटले. जगातील उत्तम शिक्षक घराघरांत पोहोचला. आता कोणीही अडाणी राहणार नाही. परंतु आनंदाच्या भरात माणसे गोष्टीचा अर्धाच भाग ऐकतात, तसे येथे झाले.

त्या अभ्यासक्रमात एकूण नावे नोंदविली होती 1,54,763 जणांनी. एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावची सारी वस्ती एका वर्गात येऊन बसावी, तसा तो प्रकार. ह्यांपैकी पहिला गृहपाठ नुसता उघडून पाहिला तो 69,221 जणांनी. त्यात निदान एक तरी गुण मिळविला 26,349 जणांनी. सहामाही म्हणावी अशी मधली परीक्षा उत्तीर्ण झाले 9,318. आणि अखेरीस प्रमाणपत्र हाती पडले ते 7,157 जणांच्या. म्हणजे शंभर जणांनी नावे घातली असतील, तर शेवटपर्यंत पोहोचले त्यांतले पाचसुद्धा नव्हेत.

ह्या आकड्यांकडे दोन प्रकारांनी पाहता येते. ज्यांनी नाव नोंदविले ते सर्वच काही शिकावयास आले नव्हते. जत्रेत माणूस ज्याप्रमाणे प्रत्येक दुकानापाशी थांबतो, वस्तू हातात घेऊन पाहतो आणि पुढे जातो, तसे पुष्कळांचे झाले. त्यांना नापास म्हणणे न्याय्य होणार नाही. ज्यांनी खरोखर हात घातला, निदान एक गुण मिळविला, त्यांच्यापैकी चौथा हिस्सा शेवटपर्यंत टिकला. शिवाय सात हजार ही संख्या स्वतःच लहान नाही; एमआयटीच्या आवारात हा विषय इतक्यांना शिकवावयाचा, तर कित्येक वर्षे लागली असती. हे सारे खरे. पण ज्यांना मनापासून शिकावयाचे होते आणि तरीही मध्येच सुटले, असेही हजारो त्यांत होते, हेही तितकेच खरे. एकट्याने, खोलीत बसून, पडद्याकडे पाहात चौदा आठवडे अभ्यास करणे ही साधी गोष्ट नव्हे. शेजारच्या बाकावर मित्र नसतो. काल का आला नाहीस, असे विचारणारे गुरुजी नसतात.

आणि बाटुशिग एकटा होता काय? मुळीच नाही. त्याच्या मुख्याध्यापकांनी मुलांचा गट जमविला होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रॉनिकीचे उच्च शिक्षण घेणारा टोनी किम नावाचा तरुण मुद्दाम उलानबातरला येऊन राहिला होता. त्याने सामानाच्या पेट्यांतून प्रयोगाचे साहित्य बरोबर आणले होते. पडद्यावर पाहिलेले मंडल मुले त्याच्या देखरेखीखाली खऱ्या तारांनी जोडून पाहात. कोठे जोडणी ढिली राहिली, कोठे आकडा चुकला, ते तो दाखवी. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मुलाचे नाव आले, संस्थेचे नाव आले; मुख्याध्यापक आणि तो पेट्या घेऊन येणारा तरुण मात्र बहुतेकांच्या ध्यानातून निसटले.

शिक्षणाचे दार सर्वांना उघडे करावे, ही कल्पना काही 2012 साली जन्मली नाही. इंग्लंडमध्ये कामगार, गृहिणी, सैनिक अशा ज्या लोकांना तरुणपणी विद्यापीठात जाता आले नाही, त्यांच्यासाठी 1969 साली ‘ओपन युनिव्हर्सिटी’ म्हणजे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन ह्यांनी ही कल्पना पुढे मांडली, आणि जेनी ली ह्या मंत्रिणीने विरोधकांची पर्वा न करता ती सिद्धीस नेली. जेनी ली स्वतः स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराची मुलगी होती. 1971 च्या जानेवारीत तेथे पहिले विद्यार्थी शिकू लागले. आधीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. धडे टपालाने येत. व्याख्याने रेडिओवर व दूरचित्रवाणीवर होत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर प्रयोगाच्या साहित्याची पेटीच घरी पाठविली जाई. मग स्वयंपाकघरातील टेबलावर रसायने मांडून लोक प्रयोग करीत! मात्र ह्या विद्यापीठात फी होती. दार उघडे होते, पण आतील सर्व काही फुकट नव्हते.

महाराष्ट्रात नाशिक येथे 1989 साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ते ह्याच परंपरेतले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ह्या विद्यापीठाचे ब्रीद. ज्यांची शाळा मध्येच सुटली होती, अशा प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. तो पुरा केला, की पदवीच्या अभ्यासाची वाट मोकळी होई. दिवसा नोकरी किंवा शेती करून रात्री पुस्तके उघडणाऱ्या कितीतरी जणांना ह्या विद्यापीठाने मराठीतून पदवीपर्यंत नेले.

इंटरनेट आले आणि ह्या जुन्या कल्पनेला नवे पंख फुटले. त्या वेळी एमआयटीमध्ये घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. 2000 सालाच्या सुमारास त्या संस्थेने एक समिती नेमली. इंटरनेटच्या साहाय्याने दूरच्या विद्यार्थ्यांना शिकवून संस्थेला उत्पन्न कसे मिळविता येईल, ह्याचा विचार समितीने करावा, अशी अपेक्षा होती. समितीने पुष्कळ हिशेब मांडले आणि अखेर जी शिफारस केली, ती ऐकून सर्वच चकित झाले. समिती म्हणाली, की ज्ञान विकू नये. सरळ देऊन टाकावे! संस्थेने ते मान्य केले. एप्रिल 2001 मध्ये अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट ह्यांनी घोषणा केली, की एमआयटीच्या अभ्यासक्रमांची टिपणे, प्रश्नपत्रिका व वाचनाच्या याद्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या जातील. 2002 साली पन्नास विषयांनी आरंभ झाला; 2007 पर्यंत बहुतेक सर्व विषय खुले झाले. विद्वान माणसे आपल्या वह्या कुलुपात ठेवतात असा जगाचा अनुभव; त्यामुळे ह्या घोषणेचे सर्वांना मोठे अप्रूप वाटले.

वहीवर एक अडचण मात्र असते. ती खुली असली, तरी तिची नक्कल करण्याचा हक्क कायद्याने लेखकाकडेच राहतो. दुसऱ्या शिक्षकाने ती भाषांतरित करावी, तीत आपल्या गावचे उदाहरण घालावे, तर ते कायद्याविरुद्ध होऊ शकते. ह्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील काही कायदेपंडितांनी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे परवाने 2002 साली तयार केले. लेखक आपल्या पुस्तकावर असा परवाना छापतो. त्याचा अर्थ असा, की माझे नाव राखा आणि हे लेखन खुशाल वापरा, वाटा. त्यातही प्रकार आहेत: कोणी फेरफार करण्यास मुभा देतो, कोणी देत नाही; कोणी ते विकण्यास मनाई करतो. त्याच वर्षी युनेस्को ह्या जागतिक संघटनेच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक साधने’ हे नाव देण्यात आले. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द कानाला सारखे वाटतात, पण अर्थाने भिन्न आहेत. जे पुस्तक फुकट वाचता येते पण ज्याची प्रत काढता येत नाही, ते मोफत खरे, मुक्त नव्हे.

2008 साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात एक अभ्यासक्रम झाला. त्यात फी भरणारे विद्यार्थी पंचवीस होते आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले दोन हजारांहून अधिक. पुढे 2011 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रन व त्यांचे सहकारी पीटर नॉर्विग ह्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे 1,60,000 लोकांनी नावे नोंदविली. मग तर चढाओढ लागली. थ्रन ह्यांनी ‘युडॅसिटी’ नावाची संस्था काढली. स्टॅनफर्डच्याच डॅफ्नी कोलर व अँड्र्यू इंग ह्यांनी ‘कोर्सेरा’ काढली. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी ह्यांनी मिळून ‘एडएक्स’ स्थापन केली व तिच्यात सहा कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले. हे सारे 2012 ह्या एका वर्षात घडले. जुनी विद्यापीठे आता ओस पडतील, असे भाकीत करणारेही पुष्कळ निघाले.

भाकीत करणे सोपे असते. त्यानंतरच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर करार करून गणिताचे दोन व संख्याशास्त्राचा एक असे तीन अभ्यासक्रम ऑनलाइन चालविले. ते अल्प फी घेऊन चालविले होते. त्यांत पूर्वी गणितात नापास झालेली व गरीब वस्त्यांतील शाळांतून आलेली बरीच मुले होती. निकाल लागला तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण वर्गात बसून शिकणाऱ्यांच्या मानाने फारच खाली गेलेले दिसले. जुलै 2013 मध्ये विद्यापीठाने हा उपक्रम काही काळ थांबविला. त्याच उन्हाळ्यातील पुढच्या तुकडीचा निकाल पुष्कळच सुधारला. पण त्या तुकडीत निम्म्याहून अधिक लोक आधीच पदवीधर होते! ज्याला पोहता येते, त्याला विहीर खोल असली तरी भीती नसते. जो पहिल्यांदाच पाण्यात उतरतो, त्याच्या कमरेला दोर बांधून काठावर कोणीतरी उभे राहावे लागते.

कोर्सेरावरील विद्यार्थ्यांची एक पाहणी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केली. तिच्यातही हेच आढळले. उत्तरे देणाऱ्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक लोक आधीच महाविद्यालयातून पदवी किंवा पदविका घेतलेले होते. म्हणजे मेजवानी मांडली ती भुकेलेल्यांसाठी, आणि पंगतीला बसले ते बहुतेक जेवून आलेले. ह्यात त्यांचा काही अपराध नाही. शिकलेल्या माणसाला शिकण्याची सवय असते. त्याला इंग्रजी येते. त्याच्या घरी संगणक असतो, वीज असते आणि दार लावून बसता येईल अशी खोली असते.

ह्या शेवटच्या गोष्टींचे मोल 2020 साली साऱ्या भारताला कळले. कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग इंटरनेटवर भरू लागले. अनेक घरांत एकच मोबाईल होता. तो वडिलांबरोबर कामावर जाई आणि मुले संध्याकाळची वाट पाहात बसत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीच्या गावात तर मोबाईलला संपर्कच मिळेना. तो कोठे मिळतो हे शोधता शोधता ती गावाजवळच्या डोंगरावर गेली. तेथे संपर्क मिळाला. मग तिच्या भावांनी त्या जागी एक लहानशी झोपडी उभारून दिली आणि कोकणातल्या धो धो पावसात ती रोज डोंगर चढून त्या झोपडीत अभ्यास करू लागली. तिच्या चिकाटीचे सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या शिक्षणासाठी डोंगर चढावा लागतो, त्याचे दार सर्वांना सारखेच उघडे आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल.

आणखी एक प्रश्न आहे, तो पैशांचा. वैशाखाच्या उन्हात गावोगाव रस्त्याकडेला पाणपोई घालतात. छपराच्या सावलीत रांजण मांडलेले असतात. त्यांच्याभोवती ओली फडकी गुंडाळलेली असतात. वाटसरू येतो, ओंजळभर पाणी पितो आणि तृप्त होऊन पुढे जातो. त्याला कोणी पैसे मागत नाही. पण रांजण काही आपोआप भरत नाही. पहाटे उठून कोणीतरी विहिरीवरून पाणी आणतो, रांजण घासतो, छपराचा खर्च कोणीतरी सोसलेला असतो. फुकट अभ्यासक्रमाचेही असेच आहे. त्याचे चित्रण करावे लागते, शिक्षकांना वेतन द्यावे लागते, लाखो लोकांची उत्तरे तपासणारी यंत्रे अहोरात्र चालू ठेवावी लागतात. एमआयटीच्या खुल्या वह्यांसाठी आरंभी दोन मोठ्या धर्मादाय संस्थांनी देणग्या दिल्या. देणगी आटली, की रांजण कोणी भरावयाचा?

एडएक्सची कथा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आरंभी तिची प्रमाणपत्रेसुद्धा फुकट मिळत. 2015 साल संपता संपता फुकट प्रमाणपत्र बंद झाले; शिकणे फुकट, प्रमाणपत्राला पैसे, असा नियम आला. पुढे 2021 साली हार्वर्ड आणि एमआयटी ह्यांनी ही संस्था टूयू नावाच्या कंपनीला ऐंशी कोटी डॉलरला विकली. लोकहितासाठी काढलेली संस्था नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती जाते, ह्याचे अनेक प्राध्यापकांना वाईट वाटले. 2024 साली त्या कंपनीवर कर्जाचा एवढा डोंगर झाला, की तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. गंमत अशी, की ह्या सर्व उलाढालीत एमआयटीच्या त्या जुन्या, साध्या, खुल्या वह्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. त्या आजही कोणालाही नाव न नोंदविता वाचता येतात.

पैशांची दुसरीही बाजू आहे. एडएक्सवरील हार्वर्ड व एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा हिशेब 2019 साली प्रसिद्ध झाला. नाव घालणाऱ्या सर्वांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शंभरात जेमतेम तीन निघाले. परंतु प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत तेच प्रमाण शंभरात 46 होते. पैसे भरल्याने माणूस नेटाने शिकतो, की नेटाने शिकणाराच पैसे भरतो? ह्याचे उत्तर नुसत्या आकड्यांतून मिळत नाही.

भारताने जो मार्ग धरला, त्यात रांजण भरण्याचे काम मुख्यतः सरकारने आपल्याकडे घेतले. निरनिराळ्या आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनी मिळून 2003 च्या सुमारास ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम हाती घेतला आणि आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून सर्वांसाठी खुली केली. ज्या लहान गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात एखाद्या विषयाला शिक्षकच नव्हता, तेथील मुले ती व्याख्याने पाहून अभ्यास करू लागली. जुलै 2017 मध्ये ‘स्वयम्’ ह्या नावाने केंद्र सरकारने अशा अभ्यासक्रमांचे मोठे दालन उघडले. त्यातही शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल, तर मात्र फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. केंद्रावर जाण्याचे कारण उघड आहे. घरी बसून उत्तरे लिहिणारा कोण, हे संगणकाला कसे कळावे?

एवढे झाले तरी भाषेचा प्रश्न उरतोच. उत्तम अभ्यासक्रमांपैकी फार मोठा भाग इंग्रजीत आहे. ज्या मुलाला गणित समजते पण इंग्रजी वाक्य समजत नाही, त्याच्या दृष्टीने तो रांजण भरलेला असूनही उंचावर ठेवलेला आहे. ह्या बाबतीत मुंबईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांनी केलेला उद्योग पाहण्यासारखा आहे. संगणकाचा उपयोग शिकविणारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यांनी आपल्या सहकाऱ्यांकडून तयार करवून घेतले. ह्या उपक्रमाचे नाव ‘स्पोकन ट्युटोरियल’, म्हणजे बोलके पाठ. पडद्यावर दिसणारी अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण पुढे नोकरीत संगणकावर तीच दिसावयाची. पण समजावून सांगणारा आवाज मराठी, तमिळ, बंगाली, आसामी अशा निरनिराळ्या भाषांत असतो. विद्यार्थ्याने पाठातील एक कृती पाहावी, पाठ थांबवावा, तीच कृती स्वतः करून पाहावी, जमली की पुढे जावे. इंटरनेट नसेल तेथे हे पाठ संगणकात आधी उतरवून घेऊन चालविता येतात. म्हणून ज्या गावी संपर्क नाही, तेथील शाळेतही ते पोहोचू शकतात.

ह्या पाठांची भाषा कशी ठेवावी, ह्याविषयी त्या मंडळींनी एक पद्धत पाळली आहे. जाणत्या माणसाने पाठ लिहिला, की दुसरा जाणता माणूस तो तपासतो. त्यातील शास्त्रीय चुका दुरुस्त करतो. एवढ्यावर पाठ पुरा झाला, असे ते मानीत नाहीत. त्यानंतर तो लिखित पाठ, ज्याला त्या विषयातले काहीही ठाऊक नाही अशा एखाद्या नवशिक्याच्या हाती देतात. तो संगणकापुढे बसतो आणि एकेक वाक्य वाचून, सांगितले आहे त्याप्रमाणे करीत जातो. जेथे तो अडखळतो, तेथे खूण केली जाते आणि ते वाक्य पुन्हा लिहिले जाते. त्याची वाट मोकळी झाली, की मगच तो पाठ बोलून ध्वनिमुद्रित करतात.